धुराची सुट्टी

३ तारीख, गुरुवार. दिवस दुसरा

ताई,

नमस्कार, कुशल, वगैरे सगळं मी मनात म्हटलंय, तूही मनातच घे. शाळेत पत्र कसं लिहायचं ते शिकवलं त्या दिवशी मी बहुतेक शाळेच्या मागच्या भिंतीवर बसलो होतो. त्यामुळे उजव्या कोपऱ्यात काय लिहितात आणि डाव्या कोपऱ्यात काय, ते मला येत नाही. तारीख मात्र टाकतोय. आता सगळा खेळ तारखेचाच आहे.

काल सकाळपासून ओढलेली नाही. एकसुद्धा नाही.

भावजींनी फोनवर तुझा निरोप दिला. तू शेजारीच उभी असणार, कारण ते मध्येच थांबून दुसऱ्याच कोणाला तरी ‘काय?’ विचारत होते. चाळीस दिवस ओढायची नाही, मग घरी ये, तोवर उंबऱ्यात पाऊल नाही आणि फोन करून लाडीगोडी नाही. डॉक्टर म्हणाले म्हणे, भिंगरीला धाप लागते, तिच्या जवळ कपड्याला वास येणारा माणूससुद्धा नको, आणि सहा आठवडे काढले तर माणूस बहुतेक टिकतो. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस होतात. म्हणजे तू दोन दिवसांची सूट दिलीस. त्या दोन दिवसांचा मी फार विचार करतोय. पुरतं रागावलेलं माणूस सूट देत नाही, असं माझं मत आहे. चुकत असेन तर सांगू नकोस.

फोनला बंदी आहे. पत्राबद्दल तू काही बोलली नाहीस, म्हणून पत्र.

कॅलेंडरवर मोजलं. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला, रविवारी, चाळीस भरतात. आठ महिने झाले मला घर सोडून. भिंगरीला आता बुटाची गाठ मारता येते का? सहा वर्षांच्या पोरीला यायला पाहिजे. मला नऊ वर्षांचा होईपर्यंत येत नव्हती, तूच मारून द्यायचीस, आणि इतकी घट्ट की संध्याकाळी कात्री लागायची.

तू म्हणतेस मी पळालो. पळालो नाही. मला काम मिळालं होतं.

इथे खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आहे. खिडकीतून हात काढला की पलीकडच्या इमारतीची भिंत लागते. या भिंतीला मी आठ महिने धूर सोडत आलो, आता ती आणि मी नुसते एकमेकांकडे बघत बसतो. हे पत्र लिहितानाही डावा हात दोनदा खिशात जाऊन आला. खिशात काही नाही. हाताला अजून कोणी सांगितलेलं नाही.

धाकटा


६ तारीख, रविवार. दिवस पाचवा

ताई,

सोडल्यावर माणसाला बरं वाटतं असं कोण म्हणालं होतं? मला भेटव त्याला. खोकला आधी होता त्याच्या दुप्पट झालाय. पोट चार दिवस संपावर आहे. काल बसच्या रांगेत पुढच्या माणसाने नुसतं मागे वळून पाहिलं, तर त्याच्याशी भांडायला मी बाही वर केली. त्याला फक्त वेळ विचारायची होती. मी वेळ सांगितली, तीही चुकीची.

तलफ येते म्हणजे काय होतं, तुला कसं सांगू. लाट वगैरे म्हणतात लोक, मला तशी येत नाही. मला ती शेजारच्या कंटाळवाण्या माणसासारखी येते. दार वाजवत नाही, सरळ आत येऊन खुर्चीवर बसते आणि म्हणते, काय मग. मी लवंग चघळतो, नळाखाली डोकं धरतो, वीसपर्यंतचे पाढे म्हणतो. तेरापाशी अडकतो, मग तेराचा राग येतो, त्या रागात दोन मिनिटं जातात. दोन मिनिटं गेली की ती उठते. जाताना म्हणते, येते परत.

कामाचं तुला कधी नीट सांगितलंच नाही. हा धुलाईचा कारखाना आहे. चार दवाखाने आणि सहा-सात हॉटेलांच्या चादरी इथे येतात. मी ड्रायरवर आहे, म्हणजे ओल्या चादरी यंत्रात घालायच्या, सुक्या काढायच्या, आणि दर दोन तासांनी जाळी साफ करायची. पलीकडे इस्त्रीचे मोठे रूळ आहेत. त्याच्यापुढे रफूवाली मावशी फाटक्या चादरी घेऊन बसते. आवाज एवढा की दिवसभर कोणी कोणाशी बोलत नाही. बोलायची जागा एकच, बॉयलरच्या मागचं बाक. आणि तिथे जायचं तर बिल्ला लागतो.

बिल्ल्याची गंमत ऐक. कामावर घेताना मुकादम पहिला प्रश्न विचारतो, ओढतोस का? हो म्हटलं की वहीत नाव आणि हातात पितळेचा बिल्ला. तो दाखवून दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटं मागे जाता येतं. कारखान्यात कापूस आणि लव इतकी की ओढणाऱ्याने आत लपून ओढली तर सगळं पेटेल, म्हणून मालकाने ही सोय केली. काडीपेटीही अख्ख्या कारखान्यात एकच, बॉयलरवाल्याकडे. बाकीच्यांचे खिसे दारात तपासतात. न ओढणाऱ्याला बिल्ला नाही, कारण त्याला बाहेर काय काम? आम्ही याला धुराची सुट्टी म्हणतो.

तर मी प्रामाणिकपणे बिल्ला परत करायला गेलो. मुकादमाने तो उलटसुलट करून पाहिला.

‘आजारी आहेस?’

‘नाही. सोडली.’

‘मग सुट्टीही सुटली,’ असं म्हणून त्याने वहीतल्या माझ्या नावावर रेघ मारली. पट्टी लावून मारली, ताई. एवढ्या सरळ रेघेचं माझ्या आयुष्यात दुसरं काही नाही.

आता दहा वाजता सगळे मागे जातात आणि मी ड्रायरसमोर उभा राहतो. आतली चादर गोल फिरते. मीही तिला गोल फिरताना बघतो. सिगारेटची आठवण येते ते येतेच, पण बाकावरच्या टवाळीची जास्त येते. सोडताना हे कोणी सांगत नाही की सिगारेटबरोबर माणसंही जातात.

धाकटा


१३ तारीख, रविवार. दिवस बारावा

ताई,

नाक परत आलंय. इतकी वर्षं ते कुठे गेलं होतं देव जाणे. आता मला डोळे मिटून सांगता येतं, ही दवाखान्याची चादर, ही हॉटेलची. धुतल्यावरसुद्धा. दवाखान्याच्या चादरीला गरम लोखंडासारखा वास येतो, हॉटेलच्या चादरीला दुसऱ्याच्या अत्तराचा. परवा माझा कोट हुंगला आणि स्वतःचीच लाज वाटली. तो कोट घालून मी तुमच्या सोफ्यावर बसायचो. दोनदा धुतला. वास गेला नाही. तिसऱ्यांदा कारखान्याच्या यंत्रात चोरून घातला, तर तो भिंगरीच्या मापाचा होऊन बाहेर आला. ठेवून दिलाय.

ट्रकवर क्लीनर होतो तेव्हाचा ड्रायव्हर सांगायचा की त्याने सतरा वेळा सोडली, सोडणं सोपं आहे. मजेदार माणूस. त्याला गाडी मागे घेता यायची नाही, म्हणून तो नेहमी अशाच रस्त्याने जायचा जिथे मागे घ्यावी लागणार नाही. त्यापायी आम्ही कुठे कुठे गेलो. असो. मी काय सांगत होतो?

जाळीबद्दल. ड्रायरच्या जाळीवर चादरींची गळलेली लव साठते. हात घालून ओढली की अख्खा करडा थर निघतो, मऊ, कोमट, एखाद्या जनावराच्या अंगासारखा. दिवसाला दोन पोती निघतात. पहिल्या दिवशी हातात घेतली तेव्हा मला तुमची मागची खोली आठवली. तुझं कापूस पिंजायचं यंत्र, उशांचे ढीग, आणि भिंगरी न पिंजलेल्या कापसात उडी मारून अशी गायब व्हायची की फक्त केसांची रिबीन दिसायची. गल्लीत तुला उशावाली म्हणायचे. बारा दुकानांत जायच्या ना तुझ्या उशा?

इथे सगळे दिवसभर ही लव नाकातोंडात घेतात. रफूवाली मावशी चौदा वर्षं घेतेय, आणि तिचा श्वास माझ्यापेक्षा साफ आहे. आता प्रत्येकाची छाती वेगळी असते, मला कळतं. आणि कापूस घरातून काढा म्हणणाऱ्या डॉक्टरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलंच होतं की मी बाहेर चौकात ओढतो. तू होतीस की तिथे.

हे मी का लिहिलं माहीत नाही. पत्र परत वाचलं की खोडावंसं वाटेल, म्हणून वाचत नाही.

सगळ्यात वाईट वेळ म्हणजे चहानंतरची. चहा संपतो आणि पुढे काही नसतं. वाक्य अर्धवट सोडून कोणीतरी उठून गेल्यासारखं वाटतं. आज रविवार. सकाळपासून मी फक्त चहावाल्याशी बोललो, तेही ‘एक’ एवढंच.

भावजींना विचार, दार बिजागरीपाशी अजून कुरकुरतं का. तेल घालायचं माझ्याकडे होतं ते राहिलं.

धाकटा


२० तारीख, रविवार. दिवस एकोणिसावा

ताई,

एकोणीस. अर्ध्याला एक कमी. मला एवढा वेळ कुठलीच गोष्ट जमलेली नाही, हे तू भावजींना मुद्दाम सांग. ते म्हणाले होते ना, आठवडाभर टिकला तर मिशी काढीन. कधी काढतायत?

या आठवड्यात एक मोठी गोष्ट कळली, रफूवाली मावशीची. मागच्या बाकावर ती नेहमी असायची, बोटांत सिगारेट धरून, आणि मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. ती सिगारेट पेटलेली नसते. चौदा वर्षांत कधीच नव्हती. कामाला लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं की ओढणारे दिवसात चार वेळा बाहेरची हवा खातात आणि न ओढणारे आत उकडतात. मग तिने वहीत नाव घातलं आणि बिल्ला घेतला. एक सिगारेट तिला आठवडाभर पुरते, मग तंबाखू गळून जातो आणि ती नवी घेते. मुकादमाला ठाऊक नाही असं कोणी म्हणणार नाही, पण वहीत नाव आहे म्हटल्यावर त्याचं तोंड बंद.

गुरुवारी मी जाळी साफ करत होतो तेव्हा ती शेजारी येऊन उभी राहिली. माझ्याकडे बघून म्हणाली, चेहरा बघ, धुऊन न पिळलेल्या फडक्यासारखा झालाय. मी म्हटलं, मावशी, सोडलीय. ती म्हणाली, ‘सिगारेट सोडलीस ना? मग माणसं कशाला सोडलीस, बाबा? माझ्यासारखी हातात धर आणि येऊन बस.’

मी दोन दिवस विचार केला. काल मुकादमाकडे जाऊन म्हटलं, परत लागली. त्याने पट्टी न लावता नाव लिहिलं. मला वाटतं त्याला आनंद झाला.

तू घाबरू नकोस. मी पेटवणार नाही. नुसती धरणार. उद्यापासून बाकावर बसणार, एवढंच. बॉयलरवाल्याला आम्ही इंजिन म्हणतो. तो बोलत नाही, पण दुसऱ्याच्या बोलण्यावर हसतो, आणि तो हसला की बाक हलतं. अडीच आठवडे मी ते बाक हललेलं पाहिलं नाही.

तुझं एखादं पत्र आलं असतं तर बरं झालं असतं. मागत नाही. पत्ता पाकिटाच्या मागे आहे, एवढंच सांगतो.

धाकटा


२७ तारीख, रविवार. दिवस सव्विसावा

ताई,

सगळं मस्त चाललंय. सव्विसावा दिवस. खोकला थांबला, भूक वाढली, जिना धावत चढतो. खालच्या सायकलवाल्याने विचारलं, काय खातोस आजकाल? इथली हवा छान आहे. दवाखान्यांच्या चादरी कमी झाल्यात, म्हणजे लोक बरे असावेत. बाकावर मजा येते. मावशीने इंजिनला एक कोडं घातलंय, त्याला ते तीन दिवस सुटत नाहीये.

लिहिण्यासारखं फार काही नाही. भिंगरीला गालाचा पापा. दहा तारखेला चौदा दिवस राहिले.

धाकटा


१ तारीख, शुक्रवार

ताई,

तुझं पत्र काल मिळालं. चार वेळा वाचलं. लिहितो. दोन दिवस दे.


४ तारीख, सोमवार. दिवस चौथा

ताई,

वरचा आकडा चुकलेला नाही. तुझ्या कॅलेंडरवर आज चौतीस असेल. तू रोज सकाळी दिवसावर फुली मारतेस असं लिहिलंयस. त्यातल्या चोवीस तारखेपासूनच्या फुल्या खोड. मी पुढे सगळं सांगतो, पण मला सुरुवातीपासून सांगता येत नाही हे तुला माहीत आहे. जिथून येईल तिथून सांगतो.

चोवीस तारखेला, गुरुवारी, दहाच्या सुट्टीत आम्ही पाचजण बाकावर होतो. माझ्या बोटांत सिगारेट, न पेटवलेली. चौथा दिवस होता असा बसायचा. काडीपेटी एकट्या इंजिनकडे असते म्हणून तिथली रीत अशी की तो काडी ओढतो आणि बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांच्या पेटवत जातो. वर बघत नाही, हातच बघतो. मावशीला तेवढी वगळतो, चौदा वर्षांची सवय. पहिले तीन दिवस मी मावशीच्या पलीकडे, अगदी टोकाला बसायचो, त्यामुळे काडी माझ्यापर्यंत यायचीच नाही. गुरुवारी टोकावर ओल्या चादरींची टोपली ठेवली होती. मी मधे बसलो. कोणीतरी काहीतरी म्हणालं, हसू आलं, हसताना मी सिगारेट ओठात धरली. इंजिनने पेटवली आणि पुढे गेला.

त्याचा काही दोष नाही. त्याच्या लेखी माझं नाव वहीत होतं. मी ओठ उघडून टाकून देऊ शकत होतो. मी आत ओढली. मावशी माझ्याकडे बघत होती. तिने आपली सिगारेट या हातातून त्या हातात घेतली. मी शेवटपर्यंत ओढली, ताई. आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. मग शुक्रवारी दोन. शनिवारी चार. रविवारी तुला ते मस्त चाललंय वालं पत्र लिहिलं ते एका हाताने, दुसरा हात खिडकीबाहेर होता. मी म्हटलं, दहा तारखेपर्यंत शेवटचे पाच-सहा दिवस बंद करू, कपडे धुऊ, लवंग खाऊ. ताईला कसं कळणार.

नाही कळलं असतं तुला. मी या कामात पटाईत आहे.

मग काल नाही, परवा नाही, गुरुवारी तुझं पत्र आलं. तू लिहिलंस, मागच्या खोलीत माझी खाट टाकलीस. आता तिथे कापूस नाही, जागाच जागा आहे. दिवसभर औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून गुडघे भरून येतात, पण पोरीला बरं आहे तर गुडघ्यांचं काय एवढं, असं लिहिलंस. आणि पुढे लिहिलंस, ‘तू घरात कधी ओढली नाहीस हे मला माहीत आहे, रागाच्या भरात भावजींच्या तोंडून जास्त बोलून गेले, मनावर घेऊ नकोस.’

हे वाचून मी पत्राची घडी घातली आणि पिशवी भरायला घेतली. खरंच. माझं तसंच आहे, काही आलं अंगावर की पिशवी. बंदरावर काम मिळतं असं एकजण सांगत होता. अर्धी पिशवी भरून झाली होती. पण पत्राची मागची बाजू वाचायची राहिली होती.

त्या बाजूला तू भिंगरीचं लिहिलंयस. आता मी तुझंच तुला परत सांगतो, कारण मला ते पाठ झालंय. शाळेतल्या मैत्रिणीला ती सांगत होती, ‘मी आजारी पडते ना, म्हणून आईच्या उशा बंद झाल्या.’ आणि गेल्या आठवड्यात धाप लागली तर ती कपाटामागे जाऊन बसली, कोणाला सांगितलं नाही, ओठ निळे पडायची वेळ आली तेव्हा भावजींना सापडली. का नाही सांगितलंस विचारलं तर गप्प. तू लिहिलंस, पोर हट्टी झाली आहे, मामासारखी.

ती हट्टी नाही, ताई. तिला वाटतंय आपण धाप लागली असं सांगितलं की घरातलं आणखी काहीतरी बंद होईल.

आता ऐक. उभी असशील तर बस.

मी घरात ओढायचो. न्हाणीघरात, वरच्या झरोक्याशी बादली उलटी टाकून, रोज सकाळी तू दूध आणायला गेलीस की. आणि मागच्या खोलीत, तू दुकानांत उशा पोचवायला जायचीस त्या दुपारी. कापसाच्या शेजारी, हो. आज कारखान्यात काम करताना प्रश्न पडतो की तेव्हा आपलं सगळं घर पेटलं कसं नाही. भिंगरी शाळेतून लवकर यायची त्या दिवशी ती माझ्याजवळच खेळत असायची. मी खिडकीकडे तोंड करायचो. मला वाटायचं तोंड फिरवलं म्हणजे झालं. तुला वास यायचा तेव्हा मी म्हणायचो, चौकातून आलोय, कपड्यांना आहे. तू विश्वास ठेवायचीस. तू ठेवतेसच.

डॉक्टरांच्या खोलीत तिला मांडीवर घेऊन तू बसली होतीस. तिच्या गळ्याखालची कातडी प्रत्येक श्वासाला आत जात होती. डॉक्टरांनी पेन हातात घेऊन विचारलं, ‘घरात कोणी ओढतं?’

तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. नुसतं, उत्तर माझ्याकडे होतं म्हणून.

मी म्हटलं, ‘बाहेर. घरात कधीच नाही.’

त्यांनी कागदावर तसं लिहिलं आणि मग विचारलं, घरात धूळ, तंतू असं काही? तू लगेच, एखाद्या गुन्हेगारासारखी, कापसाचं सांगितलंस. पुढचं तुला माहीत आहे. आठ दिवसांत यंत्र गेलं. टेम्पोत चढवताना मीच एका बाजूने धरलं होतं. तू फाटकाशी उभी राहून म्हणालीस, सावकाश, त्याचा डावा पाय हलतो. त्यानंतरच्या सोमवारी तू काउंटरवर रुजू झालीस आणि त्याच सकाळी मी चिठ्ठी ठेवून निघालो. काम मिळालं नव्हतं. काम इथे येऊन महिनाभराने मिळालं. मला ती मागची खोली रिकामी बघवत नव्हती, एवढंच.

मग पोरगी सुधारली. तुम्ही म्हणालात, कापूस गेला म्हणून. पण त्याच आठवड्यात घरातून दोन गोष्टी गेल्या होत्या, ताई. मी आठ महिने हे एक वाक्य कोणाला न सांगता फिरतोय. कापसाचा काहीच वाटा नसेल असं मी म्हणत नाही, मी काही डॉक्टर नाही. पण डॉक्टरांकडे जो कागद आहे तो माझ्यामुळे चुकीचा आहे. तो दुरुस्त करून घे. त्यांना सांग, घरात ओढणारा होता, दीड वर्षं, रोज. मग कापसाचं पुन्हा विचार. ते काय म्हणतील ते म्हणतील, पण खरं ऐकून म्हणतील.

मावशीला हे सगळं मी शुक्रवारी सांगितलं, तुला सांगायच्या आधी, त्याबद्दल माफ कर. कोणावर तरी आधी म्हणून बघायचं होतं. ती रफू करतच होती. मला वाटलं म्हणेल, जाऊ दे, झालं ते झालं. तसं काही म्हणाली नाही. धागा दातांनी तोडला आणि म्हणाली, ‘लिहून टाक. आणि लिहिलेलं तिथपर्यंत पोचेस्तोवर इथून हलू नकोस.’

म्हणून हललो नाही. पिशवीतले कपडे परत खुंटीवर लावले. शुक्रवारी सकाळपासून ओढलेली नाही. आज चौथा दिवस आहे, आणि हा पहिल्या चौथ्यापेक्षा वाईट आहे, कारण तेव्हा समोर दहा तारखेचा रविवार दिसत होता. तलफ आली की आता मी पाढे म्हणत नाही. तुझ्या पत्राची मागची बाजू वाचतो. गुण येतो म्हणण्यासारखं नाही, पण दोन मिनिटं जातात.

चाळीस पुन्हा मोजतोय, पण ते माझ्यापाशी राहू देत. अट तू घातली होतीस तेव्हा तुला अर्धंच माहीत होतं. आता अट बदल, नाहीतर काढून टाक, नाहीतर दारच लाव. मी पत्र लिहून विचारणार नाही.

या रविवारी मी येत नाही. भावजींना स्टँडवर पाठवू नकोस. खाट काढून ठेव.

भिंगरीला मात्र हे पत्र वाचून झाल्यावर लगेच जवळ घे, भावजी येईपर्यंत थांबू नकोस, आणि सांग की उशा तिच्यामुळे बंद झाल्या नाहीत, आणि धाप लागली की तिने मोठ्याने ओरडून सांगायचं, कितीही वेळा. ती खोलात शिरणारी पोर आहे. मग कोणामुळे, असं विचारील.

तिला माझं नाव सांग.